पंख्याचं वारं

आमच्या घरात आलेला पहिला पंखा डोक्यावर फिरणारा नव्हता. तो अंगणात उभा राहायचा. लोखंडी चौकट, पुढं जाळी, आत चार पाती आणि मागं काळी मोटर. तो आला पौषात, पाण्याच्या रांजणाला हात लावला तरी बोटं आखडायची अशा दिवसांत. जवळा बाजारहून येणाऱ्या काळीपिवळी जीपच्या टपावरून माझ्या वडिलांनी, आबांनी, आणि ड्रायव्हरनं तो खाली उतरवला, तेव्हा शेजारचे विठ्ठलमामा घोंगडी पांघरून ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "हिवाळ्यात पंखा आनला व्हय? मंग उन्हाळ्यात शेकोटी आनतान." आबा हसले नाहीत. मी मात्र ओट्यावरूनच त्यांना सुनावलं, की हा माणसांसाठी नाही, तुरीसाठी आहे, आणि ज्यांना यंत्राचं हसू येतं त्यांच्या बायका जन्मभर धूळ खातात. मी तेव्हा असंच बोलायची. कॉलेजात एका युवक संघटनेत होते, पत्रकं लिहायची, वाटायची, आणि घरी आलं तरी पत्रकासारखीच बोलायची.

पंखा आणायला लावला मीच. हे आधीच लिहून टाकते, नंतर लपवायचा मोह नको. मायला खोकला होता. दरवर्षी तूर निघाली की तो वाढायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत टिकायचा. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तिला भुसकटापासून लांब राहा म्हणून सांगितलं. तुरीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या बायकोनं भुसकटापासून लांब राहायचं म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी आबांच्या मागं लागले. उफणणीचा विजेचा पंखा बसमतच्या दुकानात मिळतो, धूळ एका अंगाला जाते, वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, मायला पाटी उचलून द्यायला उभं राहावं लागणार नाही. आबा दोन वर्षं "बघू" म्हणाले. तिसऱ्या वर्षी माय खोकता खोकता चुलीपुढं बसली ती उठेना, तेव्हा ते जाऊन पंखा घेऊन आले.

त्याआधी आमच्याकडं वारं द्यायला कौसामावशी यायची. वारं देणं म्हणजे उफणणं. ती बौद्धवाड्यातली, मायपेक्षा थोडी मोठी, काटक, कपाळाला मोठं गोंदण. मला कळायला लागल्यापासून दर हिवाळ्यात आमची तूर तिनंच उफणली. आधी आठ-दहा दिवस अंगणात तुरीच्या पेंढ्या वाळत पडायच्या. मग आबा आणि एखादा गडी त्या काठीनं बडवायचे. तो आवाज सकाळपासून घरभर, ठप-ठप, मधेच थांबून बिडी, परत ठप-ठप. तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, बाजूला निघायच्या, त्यांची शेकोटी व्हायची, आणि त्या निखाऱ्यात माय मागं राहिलेल्या हिरव्या शेंगा टाकायची. वरून काळ्या, आत गरम, मिठाचा खडा लावून खायच्या. बोटं काळी, ओठ काळे. ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या सोल्यांची झणझणीत आमटी, वर कच्चा कांदा. थंडीत भूक अशी लागायची की जेवून हात धुतला तरी चुलीजवळून उठावंसं वाटायचं नाही.

मग कौसामावशी तिवईवर चढायची. तीन पायांचं उंच लाकडी आसन, खालून माय पाटी भरून द्यायची, वरून ती सुपातून सोडायची. वारं असेल तर सोडायची, पडलं की सूप पोटाशी धरून उभी राहायची. त्या थांबण्यात दोघींचं सगळं बोलणं व्हायचं. कुणाची सून माहेराहून परत आली न्हाई, कुणाच्या शेळीला दोन पाठी झाल्या. "आलं गं," असं म्हणून ती बोलणं अर्धं सोडायची आणि सूप हलवायची. पुन्हा वारं पडलं की तिथूनच धरायची.

सुपातून पडणाऱ्या तुरीचे तीन भाग व्हायचे. सगळ्यात जड दाणा सरळ खाली, ती रास. सगळ्यात हलकं भुसकट लांब. आणि दोन्हींच्या मधे एक पट्टा पडायचा, त्यात माती, खडे, न फुटलेल्या शेंगा, बारीक दाणा आणि थोडा चांगलाही दाणा. ते मातेरं. मातेरं उफणणारीचं. मजुरी वेगळी, मातेरं वेगळं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तसंच होतं. संध्याकाळी कौसामावशी ते फडक्यात बांधून न्यायची, घरी सवडीनं निवडायची, भिजवून वाळवून जात्यावर भरडायची. गावात दोन-तीन घरची तूर ती उफणायची. त्या मातेऱ्यातून होळीपर्यंत तिच्या घरात वरण व्हायचं. नातवंडं होती दोन, मुलगा-सून बाहेरगावी कामाला. एरवी त्या घरात भाकरीबरोबर तिखट आणि पाणी.

तिचा चहाचा कप आमच्याकडं वेगळा होता, गोठ्याच्या कोनाड्यात. संघटनेच्या पहिल्या शिबिराहून आले आणि मी तो कप दगडावर आपटून फोडला, मायसमोर. तिला घरातल्या कपात चहा दिला. तिनं तो घेतला आणि प्याली. मला वाटलं, झालं. आता वाटतं, कप फोडायला फार काही लागत नाही. एक हात आणि एक दगड.

पंखा आला त्या वर्षीही कौसामावशीला बोलावणं गेलं, कारण पंख्यापुढं कुणीतरी सूप धरायला लागतंच. लाईट तेव्हा कधी यायची आणि कधी जायची याला वेळापत्रक होतं, आणि त्या वेळापत्रकाला काही अर्थ नव्हता. त्या आठवड्यात अकराच्या सुमाराला यायची. समोरच्या खोलीतल्या सॉकेटातून खिडकीवाटे वायर काढली होती. बटन माझ्याकडं. आबांनी पंख्याच्या पायाखाली दगड लावले. मायला मी ओट्यावर पांघरूण देऊन बसवलं होतं आणि उठायचं नाही म्हणून दटावलं होतं.

लाईट आली, मी बटन दाबलं. असा आवाज त्या अंगणात कधी झाला नव्हता. विठ्ठलमामांची कुत्री पळाली. कौसामावशीनं पहिलं सूप सोडलं आणि सगळं भुसकट एका फटक्यात भिंतीवर जाऊन आदळलं. तिनं दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. पंख्याचं वारं पडत नाही. तिला थांबायला जागाच राहिली नाही. मायनं ओट्यावरून काहीतरी विचारलं, ते आवाजात गेलं. कौसामावशीनं कानाला हात लावून मान हलवली आणि पुढचं सूप भरलं. दोन तासांत जे काम झालं त्याला एरवी दीड दिवस लागला असता. मी फार खूश होते. धूळ एका बाजूला, माय दुसऱ्या बाजूला, आणि मधे मी बटनापाशी.

राशीचा ढीग लागला होता, मातेऱ्याचा पट्टा पडला होता, आणि लाईट अजून होती. मी आबांना ओरडून म्हणाले, "मातेरं परत घाला की पंख्यापुढं. लाईट हाय तवर. किती दाना चाललाय त्याच्यात."

आबांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. शिकलेल्या पोरीनं हिशोबाची गोष्ट केली की बाप जसं बघतो, तसं. त्यांनी फावड्यानं मातेरं ओढलं, पाटीत भरलं आणि कौसामावशीपुढं धरलं. ती एक क्षण तशीच उभी राहिली. मग सूप पुढं केलं. स्वतःचं मातेरं तिनं स्वतःच्या हातानं पंख्यापुढं सोडलं. आबांनी दाणा राशीत ढकलला. लाईट होती, म्हणून राहिलेलं तिसऱ्यांदाही घातलं.

हे सगळं होताना माय ओट्यावर उठून उभी राहिली होती. मी तिला हातानं खाली बस म्हणून खुणावलं.

संध्याकाळी पंख्यापुढं माती उरली होती, आणि काही काळ्या शेंगा. कौसामावशीनं फडकं कमरेचं काढलं, मातीत हात घातला, मूठ उघडून बघितली आणि फडकं परत कमरेला खोचलं. म्हणाली, "उद्या नेते." मजुरी घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला त्यात काही दिसलं नाही. खरंच दिसलं नाही. पत्रकात मी शोषण हा शब्द इतक्या वेळा लिहिला होता, की तो असा दिसत असेल असं वाटलंच नव्हतं. त्याला माझ्या डोक्यात आबांसारखा चेहरा नव्हता, आणि माझा तर नव्हताच.

चार दिवसांनी मी बौद्धवाड्यात गेले ते पत्रकं घेऊन. औंढ्याला तहसीलवर मोर्चा होता, शेतमजूर बायकांच्या मजुरीसाठी. कौसामावशी दारात बसून नातीच्या उवा काढत होती. मी पत्रक वाचून दाखवलं. त्यात आमच्या भागातल्या मोठ्या शेतकऱ्यांना मी चांगलंच झोडपलं होतं. ती ऐकत होती, हात चालू होते.

"चांगलं लिवलंस," ती म्हणाली. "मी न्हाई येनार."

"काहून? तुमच्यासाठीच हाय मावशी हे. तुमी घरात बसल्या तर कोन देनार तुमाला?"

"न्हाई येनार म्हनलं ना."

"असंच करता तुमी. मागत न्हाई, बोलत न्हाई, आन् मंग मिळत न्हाई म्हनून रडता."

तिनं नातीचं डोकं सोडलं. "जाय गं, खेळ जाय," म्हणाली. पोरगी गेली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी कवा रडले तुझ्यापाशी?"



"तुझ्या दारी सतरा हिवाळे वारं दिलं मी. कवा काई मागितलं?"

"तेच म्हनून राहिले मी. मागायला पाहिजे व्हतं."

"मागायचं न्हवतंच ते, बाई. सांडायचं व्हतं." तिनं हाताचा तळवा उताणा केला आणि किंचित तिरपा केला, सूप धरल्यासारखा. "हात जरा असा केला की दाना मधी पडतो. असा केला की राशीत. तुझ्या मायला म्हाईत व्हतं. म्हनून तर ढीग सरत आला की ती चहा ठिवाया आत जायाची. मी सांडायची, ती आत जायाची. दोघीचं बराबर चाललं व्हतं. तू मधी आलीस."

मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी म्हणाले, मी आबांशी बोलते, मातेरं हा तुमचा हक्क आहे, तसं पत्रकात घालते.

"नगं घालू," ती म्हणाली. "लिवलं की त्याचं माप व्हतंय. आन् माप झालं की ते तुमच्या हातचं झालं. मंग मी फडकं पसरून हुबी राहायची व्हय?"

आज साठीला आल्यावर मी हे लिहिते आहे आणि अजूनही मला तिचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. कायदा पाहिजे, दर पाहिजे, लिहिलेलं पाहिजे, यावर मी जन्मभर भांडले आणि पुन्हा भांडेन. कुणाच्या आत जाऊन चहा ठेवण्यावर कुणाचं वरण अवलंबून नसावं. पण त्या दारात मला एवढंच समजलं, की तिच्याकडं एक गोष्ट स्वतःच्या हातातली होती आणि ती मी, तिच्या बाजूनं बोलणारीनं, एका बटनानं काढून घेतली.

घरी येऊन मी आबांवर तुटून पडले. माझं सगळं भाडभाड बोलून झाल्यावर आबा म्हणाले, "मातेरं परत घाला म्हनून कोन म्हनलं व्हतं?" त्यांनी आवाजही चढवला नाही. "लिही तुझ्या कागदात माझं नाव. खाली तुझंबी लिही." मी मायकडं बघितलं. ती भाकरी थापत होती.

"तुला म्हाईत व्हतं तर बोलली काहून न्हाईस?" मी विचारलं.

"काय बोलू? ती सांडती म्हनून सांगू तुझ्या बापाला?" मायनं भाकर तव्यावर टाकली. "त्यायलाबी म्हाईत व्हतं. आमी तिघंबी बोलत न्हवतो. तुला शाळेत घातलं, तू बोलून राहिलीस."

आबा उठून गोठ्यात गेले.

नदीकाठच्या वावरातली तूर मागून निघाली. ती उफणायच्या दिवशी कौसामावशीला निरोप गेला, ती म्हणाली कंबर धरली आहे. मग सूप मी धरलं, बटन मायनं घेतलं. पहिला हात झाला. रास पडली, मातेरं पडलं. आबांनी सवयीनं फावडं उचललं आणि पंखा थांबला. मायनं बटन बंद केलं होतं. "लाईट गेली," ती म्हणाली. विठ्ठलमामांच्या घरात रेडिओ वाजत होता, तो सेलवर नाही, लाईटीवर चालायचा, सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. आबा थोडा वेळ तो रेडिओ ऐकत उभे राहिले. "गेली तं गेली," म्हणाले, आणि फावडं भिंतीला लावून पाय धुवायला गेले.

माझा हात शिकाऊ. माझ्या मातेऱ्यात चांगला दाणा खूपच पडला होता, कौसामावशीच्या वेळी पडायचा त्याच्या दुप्पट असेल. मायनं ते पाटीत भरलं. "नेऊन दे," म्हणाली. "काई बोलू नको तिथं. ठिव आन् ये."

पाटी डोक्यावर घेऊन मी भर दुपारी गावातून गेले. त्या वाटेनं आमच्या घरातलं कुणी असं डोक्यावर काही घेऊन गेलं नव्हतं. लोकांनी बघितलं, बघू दे म्हटलं. खरं सांगायचं तर ते बघताहेत याचा मला थोडा अभिमानही वाटत होता. कौसामावशीच्या ओट्यावर पाटी ठेवली आणि मायनं सांगितल्याप्रमाणं काही न बोलता वळले.

"थांब," ती म्हणाली.

आतून सूप घेऊन आली. ओट्याच्या कडेला उभी राहिली, अंगणात गोणपाट पसरायला लावलं मला. वारं होतं, नदीकडून येणारं, दुपारचं बारीक वारं. कमरेचं दुखणं कुठंच दिसत नव्हतं. तिनं पाटीतलं सुपात घेतलं आणि सोडायला लागली. वारं पडलं की थांबायची, पण बोलत नव्हती. मी खाली उभी होते, पाटी उचलून देत होते, आणि माझ्या नाकातोंडात तेच भुसकट जात होतं ज्यापासून मी मायला लांब बसवलं होतं. पाऊण तास लागला असेल. सगळं संपल्यावर ती खाली उतरली, गोणपाटावरचा दाणा दोन हातांनी पाटीत भरला आणि पाटी माझ्यापुढं सरकवली.

मधल्या पट्ट्यात माती पडली होती. "बघ," ती म्हणाली. मी उकिडवी बसले. माती बोटांनी फिरवली. खडे होते, शेंगांची टरफलं होती. तुरीचा दाणा नव्हता. किडकासुद्धा नव्हता. मी तिसऱ्यांदा हात फिरवला तेव्हा ती म्हणाली, "सापडला का?"

"न्हाई."

"तुमच्या पंख्यानं तीनदा घेतलं, मी एकदा." तिनं सूप उलटं करून भिंतीवर दोनदा आपटलं. "सतरा वर्षं मला येत व्हतं असं. मायला सांग, बराबर उपणून दिलं. मजुरी न्हाई सांगत ह्याची. आन् पुढल्या साली निरोप धाडू नगं म्हनाव. औंढ्याला धर्मशाळेत भांडी घासायला बोलावलंय, महिन्याचं महिन्याला पगार देतेत."

मी म्हणाले, "मावशी, हे ठेवा ना. हे तुमचंच हाय."

"तुझ्या डोक्यावर आलं," ती म्हणाली. "तुझ्या डोक्यावर जाऊ दे."

परत येताना पाटी हलकी झाली होती, माती गेल्यामुळं. तरी मान दुखत होती. लोक बघत होते आणि या वेळी मला त्यांनी बघू नये असं वाटत होतं. माय ओट्यावरच होती. तिनं पाटीत हात घातला, मूठभर तूर वर उचलली, बोटांमधून खाली सोडली. पुन्हा उचलली. एवढी स्वच्छ तूर तिनं कधी बघितली नव्हती.

"एक दाना न्हाई ठिवला तिनं?"

"न्हाई."

मायनं पाटी आत नेली आणि ती तूर राशीत न मिसळता एका डेऱ्यात वेगळी ओतली. कौसामावशी औंढ्याला गेली, ती नातवंडांना घेऊन तिकडंच राहिली. पंखा आमच्याकडं पुढं बरीच वर्षं चालला. मायचा खोकला त्यानं कमी झाला, हेही लिहिलं पाहिजे, ती त्यानंतर पुष्कळ जगली. डेऱ्यातली तूर दोन-अडीच महिने तशीच होती. मग घरातली डाळ सरली आणि मायनं एक दिवस ती भरडली. आम्ही तिघांनी तिचं वरण खाल्लं. चांगलं शिजलं होतं.